लेनोराच्या कपाटातला पाइप

अमेरिकेच्या गोठवणाऱ्या उत्तरेतल्या डुलुथ शहरात, एका जुन्या तीनमजली इमारतीच्या समितीचा अध्यक्ष झाल्यावर हार्लन ट्वीटला काहीतरी वाचवायलाच हवं होतं. त्याने गरम पाण्याच्या पाइपची उष्णता वाचवायची ठरवली. तळघरातल्या बॉयलरपासून वरपर्यंत उघडा असलेला तो पाइप वाटेतच ऊब उधळतो, हे त्याच्या जिवाला फार लागलं होतं.

ती ऊब उधळली जायची तळमजल्यावर, ऐंशीच्या लेनोरा माकीच्या कपाटात. तिच्या घरातला हीटर नावापुरता होता. म्हातारीचा हिवाळा त्या पाइपवरच निघायचा.

"हार्लन, माझ्या कपाटातला तेवढा तुकडा राहू दे की रे उघडा."

"एकीला सूट दिली की सगळे मागतात."

"सगळ्यांच्या कपाटात पाइप कुठाय?"

"तोच तर अन्याय आहे, लेनोरा."

हार्लनने स्वतः गुडघे टेकून पाइपला फोमचं आवरण चढवलं. जानेवारीत लेनोरा घरात कोट-टोपी घालून वावरू लागली. पण ब्र काढायची सोय नव्हती. पुन्हा थंडी बाधली तर उचलून माझ्याकडे, उन्हाच्या ॲरिझोनाला नेईन, असा मुलाचा, कर्टिसचा, दम होता. आणि तिला याच घरात मरायचं होतं.

एकदा व्हिडिओ कॉलवर कर्टिसने विचारलं, "आई, घरात टोपी कशाला?"

"निघालेय रे. चर्चमध्ये जेवण आहे."

पाइप तपासायला आलेला हार्लन मागून म्हणाला, "छे, कसलं जेवण? वादळामुळे रद्द झालं ना ते." खोटं त्याला खपतच नसे.

चार दिवसांत कर्टिस येऊन तिला घेऊन गेला. जाताना हीटर बंद करून गेला. बॅगा हार्लनने उचलल्या. शेजारधर्माला तो कधी चुकला नाही.

त्याच कपाटात, बाहेरच्या भिंतीलगत, थंड पाण्याचाही पाइप होता. इतकी वर्षं शेजारच्या उघड्या पाइपच्या उबेवर तोही तगला होता. आता तो गोठला, फुटला, आणि पाण्याने तळघर भरून बॉयलर बुडवला. सगळी इमारत चर्चच्या सभागृहात मुक्कामाला गेली.

तिथे समितीची बैठक भरली. "हे झालं कशामुळे?" कुणीतरी विचारलं.

"लेनोरामुळे," हार्लन म्हणाला. "ऐन हिवाळ्यात असं घर रिकामं टाकून जातात का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सभागृहात थंडी होतीच. एका कोपऱ्यात तेवढा गरम पाण्याचा उघडा पाइप होता, आणि त्याला पाठ टेकून अध्यक्ष बसले होते.