न पिळलेला माल

आमचे आप्पा सुभेदार उसाचा रस पीत नाहीत. उंब्रजला हायवेच्या कडेला एवढ्या रसवंत्या आहेत, पण आप्पा तिथं जाऊन आख्खं कांडं मागून घेतात आणि सत्तरीतल्या दातांनी सोलून खातात. "एकदा पिळलं की मूळ माल ग्येला, गड्या." एसटीत तिघांच्या बाकावर चौथा टेकायला आला, की हे उठून कराडपर्यंत उभे. दाबलेली, पिळलेली, चेपलेली कुठलीच गोष्ट त्यांना चालत नाही.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण आप्पा व्हिडिओ विकतात, मीही विकतो, आणि त्यांचे खपतात.

धंदा सरळ आहे. ढग, ऊसतोड, धरणाचं पाणी असल्या क्लिपा परदेशी वेबसाइटवर ठेवायच्या. कुणाला जाहिरातीला, माहितीपटाला लागली तर तो विकत घेतो. मी सांगलीला विश्रामबागेत या विषयाचा रीतसर कोर्स केलाय, सर्टिफिकेट माझ्या फोटो स्टुडिओत फ्रेम करून लावलंय. आप्पा पलटणीत वायरी जोडायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. कोयनानगरचं धुकं आम्ही दोघांनी एकाच वळणावर, खांद्याला खांदा लावून टिपलं. त्यांचं सात जणांनी घेतलं. माझं एकानंही नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या वेळी तिथं गेलो तेव्हा परतीच्या घाटात मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आमचं भांडण फाईलवरून. मी क्लिप एच टू सिक्स फोरमध्ये दाबून पाठवायचो. फाईल लहान होते, दिसायला तशीच दिसते, आणि चहा होईस्तोवर वेबसाइटवर चढते. आप्पा प्रोरेसवाले. त्यात चित्र फारसं दाबलं जात नाही, म्हणून फाईल म्हशीएवढी. बरं, ती चढवायला त्यांना माझ्याच स्टुडिओतलं इंटरनेट लागायचं. सकाळी दहाला यायचे, मॉडेमपुढं स्टूल टाकून ताठ बसायचे आणि माझा टेबलफॅन मॉडेमकडं वळवायचे. गिऱ्हाईक घामाघूम झालं तरी चालेल.

"आवं आप्पा, दाबा की जरा. कुणाला कळतंय?"

"घेनाऱ्याला कळतंय. त्यो मोठं करून बघतोय. तवा तुज्या चित्राचं चौकोन दिसत्यात."

संध्याकाळी फाईल चढली की उठून उभे राहायचे आणि भिंतीला सांगावं तसं पलटणीतल्या थाटात म्हणायचे, "माल पोचला. ओके रिपोर्ट." हे दोन शब्द ऐकले की माझ्या पोटात दुखायचं.

आणि मग गेल्या महिन्यात माझी क्लिप विकली गेली. आयुष्यातली पहिली. उंब्रजच्या आठवडी बाजाराची, तीन वर्षांपूर्वीची, चांगली दाबलेली. घेणाऱ्याचं नाव वेबसाइट सांगत नाही, पण मला त्याची गरजच नव्हती. मी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला आणि थेट आप्पांचं घर गाठलं. आनंद वाटायला नव्हे, जिरवायला.

दार उघडंच होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, गेल्यापासून आप्पा एकटेच असतात. मी आत पाऊल टाकलं आणि टीव्हीवर माझा बाजार दिसला. वेबसाइटचा शिक्का नसलेला, म्हणजे विकत घेतलेला.

आप्पा चोरी पकडली गेल्यासारखे उठले. मग खालीच बसले आणि पडद्याच्या कडेला बोट लावलं. हिरव्या लुगड्यातल्या काकी वांगी निवडत होत्या. भाजीवाली काहीतरी बोलली, काकी वळून हसल्या आणि फ्रेमबाहेर गेल्या. चार सेकंद असतील. मी ती क्लिप कितीदा तरी पाहिली होती, पण काकी मला कधी दिसल्याच नव्हत्या.

"आप्पा, मागायची की माझ्याकडं."

"तुजी भवानी व्हायची व्हती. फुकट कशी मागू?"

मी पुडा मागं लपवला.

"तुमच्याकडं तर एवढ्या डिस्का भरल्यात."

"ती न्हाई एकाबी क्लिपमदी. डबा घिऊन यायची, तर मीच वरडायचो, फ्रेममधनं बाजूला हो म्हनून." मग त्यांनी रिमोटनं काकींचा चेहरा मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन झाले. "मूळ फाईल असंल न्हवं तुज्याकडं?"

मूळ फाईल मी बाजार टिपला त्याच आठवड्यात पुसली होती. दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती आणि कार्ड रिकामं हवं होतं. ते मी सांगून टाकलं. आता ऐकून घ्यायची माझी तयारी होती. पण आप्पांनी चेहरा परत लहान केला आणि क्लिप पहिल्यापासून लावली.

क्लिप संपल्यावर म्हणाले, "मोबाईलवर घालून दे. उद्या कोयनानगरला जायचंय. संगं असूदे."

"मेसेजवर टाकतो."

"मेसेजवर नगं. आनखी पिळंल ते."

मी स्टुडिओत जाऊन केबल घेऊन आलो. फाईल होती तेवढीच, जशीच्या तशी मोबाईलवर उतरवली. आप्पांनी चष्मा पुसला आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरला. एवढ्याशा पडद्यावर काकींचा चेहरा फुटत नव्हता. त्या वळून हसलेल्या स्पष्ट दिसत होत्या.

"ओके रिपोर्ट," आप्पा म्हणाले. या खेपेला ते उठून उभे राहिले नाहीत.