कपाट वाढले

राज्य माणसांवर चालत नाही, कपाटांवर चालते. माणूस बदलून जातो, रजेवर जातो, प्रसंगी वर जातो. कपाट जागचे हलत नाही. सांगलीच्या आमच्या कचेरीत असे एक सागवानी कपाट होते (सागवान बिलात, प्रत्यक्षात आंबा).

चौऱ्याहत्तर साली ते उघडले, तेव्हा दार होते, कुलूप होते, किल्ल्या तर दोन होत्या. आत मात्र माती होती. वाळवीने तीन-चार तालुक्यांतले जवळपास सगळे जन्म खाल्ले होते. मृत्यूच्या रजिस्टराला तिने तोंड लावले नव्हते (एकेकाची चव असते).

अशा वेळी कचेरीने काय करावे? खिडकी बंद केली तर जनतेचा विश्वास उडतो; उघडी ठेवली तर फक्त कागद उडतात. तेव्हा अर्ज घेणे, पोच देणे आणि "उद्या या" म्हणणे चालू ठेवण्याचे ठरले. पोच द्यायला कपाट लागत नाही. त्या वर्षी पोच देण्यात आम्ही जिल्ह्यात पहिले आलो.

वर कळवणे मात्र भाग होते. आमचे अव्वल कारकून चिंतामणराव वाईचे, चांगल्या वळणाचे. भरल्या घरात 'संपले' म्हणू नये, 'वाढले' म्हणावे, ही त्यांना आईची शिकवण. त्यांनी लिहिले, "कचेरीतील कपाट वाढले आहे."

आठवड्यात उत्तर आले. कपाट वाढल्याबद्दल अभिनंदन होते, आणि जागा झाली असल्याने दुसऱ्या एका कचेरीचे दप्तरही आमच्याकडे वर्ग केले होते. दोन बैलगाड्या भरून ते आले. आम्ही ते कपाटात लावले आणि कुलूप घातले. वाळवीचीही सोय झाली.

अशात कडेगावची राहीबाई आली. नवरा फौजेत हवालदार होता, आता मुलाला, कृष्णातला, भरती व्हायचे होते. वयाचा दाखला नसेल तर रांगेतूनच परत, आणि पुढच्या खेपेला त्याचे वय उलटणार. महिनाभर तिला आमचे "उद्या या" नियमित मिळत होते.

"रावसाहेब, सोमवारी साताऱ्याला भरती हाय. पोराच्या जल्माचा कागुद गावतोय का न्हाई?"

चिंतामणरावांनी चष्मा पुसला. "बाई, कागद वाढलाय."

वरच्या कचेरीला जे उमगले नाही, ते राहीबाईला लगेच उमगले.

"आवं, मग तवाच सांगायचं हुतं. मीठ वाढलं असं आमी बी म्हणतो. पर म्हटलं की वाटी घिऊन शेजारी जातो. तुमी रिकाम्या डब्याला कुलूप घालून बसलाय व्हय?"

ती तडक गावच्या शाळेत गेली. तिथे कपाटच नाही. मास्तर रजिस्टर उशाला घेऊन झोपतात. त्यातून दाखला निघाला आणि कृष्णात भरती झाला. मला मनापासून बरे वाटले. तिचा अर्ज मात्र आम्ही शिस्त म्हणून विचाराधीन ठेवला आहे.

वाचकहो, तुम्ही हसताय. तुमची जन्मनोंद कुठल्या कपाटात आहे, हे कधी उघडून पाहिले आहे? पोच तेवढी जपून ठेवा. आणि जन्मलात हे उद्या सिद्ध करता आले नाही, तरी घाबरू नका. मृत्यूचे रजिस्टर आमच्याकडे शाबूत आहे, आणि त्यात अजून बरीच पाने कोरी आहेत.