चौकात गेलेले सहा जन्म

वडाला फेरे घालून सात जन्मांसाठी मागून घेतलेला नवरा परदेशातल्या चौकात दर उलट्या फेरीला एकेका जन्माने कमी होतो, हे तुम्हाला कधी कोणी सांगितलंय का? कुमुद शिंत्रेला कोणी सांगितलं नव्हतं. व्हिसाच्या अर्जातही तसा रकाना नव्हता.

आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात. त्यामुळे चौकातलं वर्तुळ उजव्या हाताला राहतं, देवळातल्या प्रदक्षिणेसारखं. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून जातात आणि वर्तुळ डाव्या हाताला येतं. म्हणजे फेरी उलटी पडते.

तिच्या नवऱ्याला, शशिकांतला, इचलकरंजीहून सहा महिन्यांसाठी तिकडच्या एका मागाच्या कारखान्यात पाठवलं होतं. त्याला गाडी येत नव्हती, सल्ले येत होते. गाडी कुमुदच चालवायची, गेली वीस वर्षं. घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यात एकच चौक, घराच्या खिडकीखालीच. त्याला घेऊन जाताना अर्धी फेरी, घेऊन येताना अर्धी.

सोमवारी तर ती चौकातून बाहेरच पडेना.

"अगं, वळ की!"

"कुठे वळू? सगळे उलटे येतायत!"

"ते सरळ येतायत. आपण उलटे आहोत."

अशा दोन फेऱ्या जास्तीच्या झाल्या. मंगळवारपासून मात्र तिचा हात बसला. गुरुवारी शशिकांतला घेऊन ती घरी आली, तेव्हा दारात नगरपालिकेचं पत्र पडलेलं होतं. मराठीत होतं, शुद्धलेखनही बरं होतं. 'आपले सहा जन्म खर्ची पडले आहेत. चालू जन्म शिल्लक आहे. पुढील फेरी विचारपूर्वक घ्यावी.'

शशिकांतने पत्र दोनदा वाचलं आणि लंडनला बहिणीला फोन लावला.

"आमच्याकडे चौक सरळ फिरतात रे," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "आमचे हे पंधरा वर्षं जसेच्या तसे आहेत." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "फ्रान्सला यायला आम्हाला वेगळा व्हिसा लागतो का रे?"

शुक्रवारी कारखान्यात रजा कळवून दोघं पायी नगरपालिकेत गेले. तिसऱ्या खिडकीत मादाम रोझ बसल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला.

"बरोबर आहे. उद्या तुम्ही दोघं गाडीने चौकातून जाऊन आलात, की हेही संपलं."

"हे म्हणजे मी?" शशिकांतने विचारलं.

"तुम्ही."

"संपलं म्हणजे?"

"तुम्ही राहाल. यांचे राहणार नाही. सामान कुठे पाठवायचं, तेवढं कळवा."

शशिकांतने कुमुदकडे पाहिलं. ती भिंतीवरचं समुद्राचं चित्र बघत होती. समुद्र तिथून चाळीस किलोमीटरवर होता, चौकाच्या पलीकडे. आल्या दिवशी तिने जाऊया म्हटलं होतं. तो म्हणाला होता, "जाऊ गं, घाई काय आहे?" काश्मीरच्या सहलीलाही तो हेच म्हणाला होता. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यालाही हेच. सात जन्म हातात असलेल्या माणसाला घाई नसते.

"वाढवून मिळतात का?" त्याने विचारलं.

"मिळतात. सरळ फेऱ्या घालायच्या, पायी. एका फेरीला एक. पण अर्जदार बदलावा लागेल. बाईंचं एकदा मागून झालंय. आता ज्याला हवे असतील, त्याने मागायचे."

"चौकात वड नाही."

"ऑलिव्हचं झाड आहे. चालतं."

"सूत?"

"सूत आपलं आपण आणायचं."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "कुमुद, तुला काय वाटतं?"

"हे तुम्ही पहिल्यांदाच विचारताय," ती म्हणाली. "मला जरा विचार करू द्या."

तिने घरी येईपर्यंत विचार केला. माणूस वाईट नव्हता. घोरायचा, पण कुशीवर वळवलं की थांबायचा. चालू जन्म जाऊ द्यावा असं तिला वाटेना. पण पुन्हा सात म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे सात न झालेले ओटे आले. पूजेसाठी इचलकरंजीहून आणलेलं सुताचं रीळ तिने बॅगेतून काढलं आणि त्याच्या उशाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शशिकांत चौकात ऑलिव्हला सूत गुंडाळत सरळ दिशेने चालला, समोरून येणाऱ्या गाड्या त्याच्यासाठी थांबल्या, आणि चौथ्या फेरीला कुमुदने खिडकीतून हाक मारली, "अहो, पुरे!" तो सूत तोडून वर आला आणि त्याने गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. मग दोघं समुद्र बघून आले. त्यात एक गेला.