धूसर मामा

"यापुढं माझ्या फोटोत एकबी माणूस कॅमेऱ्याकडं बघणार न्हाई!" अशी घोषणा योगीराजनं पिंगळीच्या स्टेशन रोडवर, आपल्या दुकानासमोर उभं राहून केली, तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटलं, पोराचं काहीतरी बिनसलं. कॅमेऱ्याकडं बघायचंच नाही, तर फोटो काढून घ्यायचा कशाला? पण योगीराज नुकताच पुण्याला फोटोग्राफीचं शिबिर करून आला होता, आणि शिबिर करून आलेल्या माणसाला शंका विचारून काही उपयोग नसतो.

इतकी वर्षं त्यानं पासपोर्टचे फोटो काढले, बारशाचे काढले, शाळेच्या गॅदरिंगचे काढले, विम्यासाठी म्हशींचेसुद्धा काढले. लग्नातली त्याची पद्धत ठरलेली होती. सगळ्यांना ओळीत उभं करायचं, "हलू नका" म्हणायचं आणि फ्लॅश मारायचा. फोटोत सगळे यायचे आणि सगळ्यांचे चेहरे दाढ काढायला बसल्यासारखे यायचे. पुण्याच्या सरांनी त्याला सांगितलं की ही फोटोग्राफी नव्हे, ही हजेरी झाली. महत्त्वाचं तेवढं ठेवा, मागचं सगळं विरघळवून टाका! त्यासाठी लागते तशी मोठ्या तोंडाची लेन्सही त्यानं येताना आणली. दुकानाची पाटी रंगवून घेतली: 'योगीराज कॅन्डिड', म्हणजे माणसाला न सांगता टिपलेला फोटो.

नव्या लेन्सचा पहिला फोटो त्यानं बायकोचा काढला. रेणुका चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या नाकातली चमकी अशी लख्ख आली की बघत राहावं, आणि मागचं स्वयंपाकघर पार धुक्यात बुडालं. रेणुकानं फोटो बघितला आणि नवी घेतलेली मांडणी कुठं गेली म्हणून विचारलं.

"तीच तर कला हाय," योगीराज म्हणाला.

दुकानातले अल्बम रेणुकाच जुळवायची. लोक अल्बम उघडल्यावर नवरा-नवरीला नंतर बघतात, आधी स्वतःला शोधतात, हे तिनं रोज बघितलं होतं. तिनं तसं बोलूनही दाखवलं. पण पुण्याच्या सरांनी हा मुद्दा शिबिरात घेतलेला नव्हता, त्यामुळं योगीराजनं तो सोडून दिला.

आणि लगेच काम चालून आलं, तेही दिनकररावांच्या घरचं. दिनकरराव म्हणजे पिंगळीतलं बडं प्रस्थ. त्यांच्या मुलीचं, दीपिकाचं लग्न ज्यानं टिपलं, त्याला गावातली पुढची सगळी लग्नं न मागता मिळणार. योगीराज छाती काढून त्यांच्या ओसरीवर गेला आणि असा अल्बम देतो की परभणीत कुणी बघितला नसेल, असं सांगून आला. हे बाकी त्यानं अक्षरशः खरं करून दाखवलं.

आता या लग्नात एक नाजूक जागा होती. दीपिकाची आई सविताबाई. त्यांना माहेरचं म्हणून एकच माणूस उरलेलं, पूर्णेचा भाऊ रामकिशन, रेल्वेतून निवृत्त झालेला. मागं दिनकररावांच्या थोरल्या मुलाच्या लग्नपत्रिकेत या सख्ख्या मामाचं नाव चुकून पार तळाला छापलं गेलं, मंडपवाल्याच्या जरासं वर. झालं! रामकिशनमामांनी ते मनाला असं लावून घेतलं की त्यानंतर पिंगळी स्टेशनावरून गाडी जाताना ते खिडकी लावून घेत. दीपिकाच्या लग्नाला सविताबाई स्वतः पूर्णेला गेल्या, रडल्या, भांडल्या आणि भावाला घेऊनच आल्या. मांडवात तो गुलाबी फेटा बांधून उभा राहिला, तेव्हा त्यांना लग्नापेक्षा त्याचाच आनंद जास्त झालेला होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

आपल्याकडं मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी भटजी माइकवरून पुकारतात, मामा मंडळींनी पाठीशी उभं राहावं. नवरीचा मामा नवरीच्या मागं, नवरदेवाचा मामा नवरदेवाच्या मागं. हा मान मामाचा, तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. त्याप्रमाणं रामकिशनमामा दीपिकाच्या मागं ताठ उभे राहिले. नवरदेवाच्या मागं गंगाखेडकडचे महारुद्रराव, ऊसवाले बागायतदार, तसलाच गुलाबी फेटा बांधून. आणि पुढून योगीराज, महत्त्वाचं तेवढं ठेवत आणि मागचं सगळं विरघळवत!

त्या दिवशी त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. कुणाला ओळीत उभं केलं नाही, कुणाला हाक मारली नाही. आचारी बुंदी पाडताना घामाघूम झालेला त्याला दिसला, तर त्याच्यापुढं गुडघे टेकून फोटो घेतले. आहेर करणारे हातात पातळ धरून कॅमेऱ्याची वाट बघत उभे राहिले, आणि हा निघाला सनईवाल्याचे गाल टिपायला.

दीपिका चार दिवस माहेरी आली, तेव्हा अल्बम बघायचा बेत ठरला. रामकिशनमामा मुद्दाम पॅसेंजरनं आले. सगळी भावकी ओसरीवर जमली. पहिल्या पानावर दीपिकाची पापणी होती, नुसती पापणी, आणि तिच्यावर अडकलेला अक्षतेचा दाणा. बायका हरखल्या. योगीराजनं चहाचा कप घेऊन मागं रेलून घेतलं.

पानं उलटत गेली तसा जो तो स्वतःला शोधू लागला. एका चुलत्यानं आपल्या काठीवरून स्वतःला ओळखलं. दुसऱ्यानं फार वेळ शोधून नाद सोडला. रामकिशनमामांनी चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा लावला आणि शेवटी बहिणीला विचारलं, नंबर वाढला का काय माझा?

योगीराज पुढं सरकला आणि त्यानं नवरीच्या खांद्यामागं बोट ठेवलं. "हे काय मामा, हे तुमीच."

"हे? हा तर गुलाबी गोळा हाय."

"मागचं धूसर केलं, का नवरी उठून दिसती. पुण्यात असंच करतात."

"म्हंजी मी नसतो तर अजून उठून दिसली असती?"

योगीराजनं घाईनं पान उलटलं, आणि पुढचं पान नेमकं आचाऱ्याचं निघालं. दोन पानं भरून आचारी! त्याच्या कपाळावरचा घाम, मिशीतलं बेसन, सगळं स्वच्छ. मामांनी ते शांतपणे बघितलं आणि पिशवी उचलली.

"दाजी," ते दिनकररावांना म्हणाले, "पत्रिकेत तळाला टाकलं, फोटोत धुक्यात टाकलं. पुढच्या कार्याला मी येतच न्हाई, म्हंजी तुमची टाकायची मेहनत तरी वाचल."

दिनकररावांनी परोपरीनं सांगितलं की फोटोवाल्याला मी काही शिकवलेलं नाही. पण मामा स्टेशनाकडं निघाले ते निघालेच. दिनकरराव मग योगीराजकडं असे बघू लागले की पुण्याच्या सरांनाही तो चेहरा विरघळवता आला नसता. योगीराजनं काढता पाय घेतला, तेव्हा सविताबाई तेवढ्या अंगणाच्या फाटकापर्यंत त्याच्या मागं आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते.

"योगीराज, मला कला-बिला कळत न्हाई. माझा भाऊ एवढ्या वर्षांनी या दारात आला व्हता. तो आला व्हता, एवढं दिसू दे."

त्या बाईचं रडं बघून योगीराजला खरोखर वाईट वाटलं. पण हात टेकणाऱ्यातला तो नव्हता. त्याच्याकडं कॉम्प्युटर होता! दीपिकाकडून त्यानं मामाचा रेल्वेच्या ओळखपत्रावरचा फोटो मागवला, चेहरा कातरला आणि अल्बममधल्या सगळ्यात मोठ्या फोटोत, माळा घालतानाच्या, गुलाबी गोळ्याच्या जागी नेमका बसवला. रेणुकानं विचारलं, की हा गोळा रामकिशनमामांचाच कशावरून? योगीराज म्हणाला, नवरीशेजारचा गोळा म्हणजे नवरीचा मामा, आणि फोटो मी काढलाय का तू?

फोटो झकास झाला. म्हणजे बाकी सगळे हसत होते, माळांकडं बघत होते, आणि मधोमध रामकिशनमामा तिकीट तपासनीसासारखे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होते. पण दिसत होते! फोटो पूर्णेला पोचला आणि संध्याकाळी मामांचा बहिणीला फोन आला, की झालं गेलं सोडा, मी येतो रविवारी. सविताबाईंनी देवापुढं साखर ठेवली. दिनकररावांनी आनंदाच्या भरात तो फोटो दोन्हीकडच्या वऱ्हाडाच्या ग्रुपवर टाकून दिला.

रविवारी सकाळी योगीराजच्या दुकानासमोर गंगाखेडहून एक जीप येऊन थांबली. तीतून महारुद्रराव उतरले, खुर्ची ओढून बसले आणि मोबाइलमधला तो फोटो त्यांनी योगीराजपुढं धरला.

"हे पिवळं जाकीट कुणाचं?"

योगीराजनं बघितलं. मामांच्या मानेखाली खरंच पिवळं जाकीट होतं. कातरताना त्याचं लक्ष फक्त फेट्यावर होतं.

"रामकिशनमामांचं," तो चाचरत म्हणाला.

"माझं हाय. खास लग्नासाठी शिवलेलं. माझ्या धडावर तू दुसऱ्याची मुंडी लावलीस. मला माझं धड परत पायजे."

झालं होतं असं, की माळा घालताना अक्षतांचा मारा झाला, मागून लोटालोटी झाली आणि त्या गर्दीत महारुद्रराव नवरीच्या मागं आले आणि रामकिशनमामा फोटोच्या पार बाहेर ढकलले गेले. फेटे एकाच गठ्ठ्यातले. धुक्यात कोण कुणाला ओळखणार! महारुद्ररावांनी योगीराजला जीपमध्ये घातलं आणि थेट दिनकररावांच्या ओसरीवर नेलं. तिथं रामकिशनमामा पहिल्या गाडीनं येऊन पोहे खात बसलेले. जाकिटाचा उलगडा झाल्यावर सगळे त्यांच्याकडं बघू लागले. असलं जाकीट आपल्याला कधी होतं, हा प्रश्न त्यांनाही पडला होता म्हणे. पण ते अंगाला शोभत होतं, म्हणून ते बोलले नव्हते.

मग मात्र त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. त्यांनी पोह्याची बशी खाली ठेवली.

"म्हंजी ह्या फोटोत मी न्हाईच की!"

आता दोन मामा रुसले, दोन बाजूचे. महारुद्रराव म्हणू लागले, आमच्या घरच्या माणसाची मुंडी कापतात, असल्या घरात सणवाराला भाचा पाठवायचा का ते बघावं लागेल. दीपिका आत जाऊन रडू लागली. दिनकररावांनी योगीराजला सांगून टाकलं, की गावातलं यापुढचं एकही लग्न तुझ्या कॅमेऱ्याला दिसणार नाही. पण हार मानेल तो योगीराज कसला! तो उठून उभा राहिला.

"दोन्ही मामा समोर हायेत. जावयाला बोलवा. फेटे बांधा. फोटो मी परत घेतो, आन मुंगीबी धूसर आली तर कॅमेरा गोदावरीत सोडतो!"

सविताबाई सरळ आत गेल्या आणि दीपिकाचा शालू घेऊन आल्या. दुपारपर्यंत जावई आले, येताना महारुद्ररावांचं पिवळं जाकीटही घेऊन आले. दारापुढं पुन्हा मुंडावळ्या बांधल्या, हार आणले, शेजारणींनी अक्षता वाटल्या. योगीराजनं पुण्याची लेन्स पिशवीत घातली, जुनी लावली, फ्लॅश चढवला. एवढ्या दिवसांत त्याला एक गोष्ट नीट कळली होती. पुण्यातला फोटो बघायला असतो, पिंगळीतला फोटो साक्षीला असतो. सगळे ओळीत! सगळ्यांनी कॅमेऱ्याकडं बघा! हलू नका!

"मामा मंडळींनी पाठीशी उभं राहावं," त्यानं सवयीनं पुकारलं.

दोन्ही मामा जागचे हलले नाहीत.

"मागं मी उभारणार न्हाई," रामकिशनमामा म्हणाले. "मागं काय होतं ते बघितलंय आमी."

"बरोबर बोलले," महारुद्रराव म्हणाले. त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

योगीराजनं आता मागचंही स्वच्छ येतं हे देवाची शपथ घेऊन सांगितलं, पण त्याच्या शपथेची पत त्या ओसरीवर उरली नव्हती. दोन्ही मामा एकमेकांना खेटून पुढं उभे राहिले. दोघंही अंगानं भरलेले, त्यात फेटे. सविताबाईंनी योगीराजला डोळ्यांनीच खुणावलं, की काढ बाबा, मोडू नको. त्यानं फ्लॅश मारला.

आज तो फोटो दिनकररावांच्या ओसरीवर अर्धी भिंत व्यापून आहे. पिवळ्या जाकिटाचं बटण न् बटण दिसतं. रामकिशनमामांचा हसरा चेहरा दिसतो, आणि तो बघायला मामा आता दर आठवड्याला गाडीनं येतात. सविताबाई रोज सकाळी पदरानं काच पुसतात आणि भावाशी दोन शब्द बोलतात. गावात ही बातमी पसरली, तशी योगीराजकडं लग्नांची रीघ लागली. प्रत्येकाची एकच अट, मामा पुढं पाहिजेत. योगीराजनं ही आपली खास शैली असल्याचं जाहीर केलं असून, फोटो पुण्याच्या सरांना पाठवायचं त्याच्या मनात आहे.

दिवाळीला दीपिका आणि जावई आले. योगीराज फराळाला आलेलाच होता. दीपिका फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

"योगीराजदादा, माझ्या लग्नाच्या फोटोत मी कुठाय?"

योगीराजनं चिवडा खाली ठेवला, हात पुसले आणि दोन मामांच्या खांद्यांमधल्या फटीवर कौतुकानं बोट ठेवलं.

"ही मुंडावळी दिसायलीय न्हवं? ही तुझी. एक एक मोती मोजून घे, एवढा स्वच्छ आलाय!"

जावई पुढं आले, वाकले आणि त्यांनी नीट निरखून बघितलं.

"ती माझी हाय," ते म्हणाले.