शिशाची चांदणी

सोलापूरच्या एका मोठ्या इस्पितळात डॉ. वैजयंती यांनी संगणकाला कर्करोग ओळखायला शिकवले. बायकांच्या छातीचे अकरा हजार जुने क्ष-किरण फोटो आणि त्यांवरचे, फोटो तपासणाऱ्या डॉक्टरसाहेबांचे अहवाल, सगळे तीन वर्षे लेकराकडून घोकून घ्यावे तसे घोकून घेतले. संगणक शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर येऊ लागला. फीत कापली गेली. संगणकालाही हार मिळाला आणि नियम निघाला की यापुढे त्याने सांगितल्याशिवाय कुणाला सुईच्या तपासणीची तारीख मिळणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मोहोळहून बजाबाई आल्या. संगणकाने फोटो पाहून निर्वाळा दिला : निरोगी.

"निरोगी कशी गं बाई? गाठ हाय की हितं." बजाबाईंनी डॉक्टरांचा हात धरून काखेजवळ नेला. "बोराएवढी. हाताला लागती."

गाठ होती. फोटोत पुसटशी सावलीही होती. मग याला दिसली कशी नाही? डॉक्टरांनी जुने फोटो उपसले. रोग सापडलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात इवलीशी चांदणी चमकत होती.

"शिशाची हाय ती, मॅडम," फोटो काढणारे इमामसाब म्हणाले. "शिफारशीचा पेशंट असला की लावायची. जुना रिवाज हाय. मंग सायेब तेवढा फोटो नीट बघत्यात."

"आणि बाकीचे?"

"त्यांना निरोगी लिवत्यात की. लई गर्दी असती."

डॉक्टरांनी हातातला फोटो खाली ठेवला. लेकराने अभ्यास चोख केला होता. ज्याची ओळख, त्यालाच रोग.

त्यांनी चांदण्या बंद करायची विनंती केली. समिती बसली. "चांदणी काढली तर आपली माणसं ओळखायची कशी?" अध्यक्ष शिवराजसाहेबांनी कळवळून विचारले. ठराव झाला : चांदणीचा लाभ सर्वांस खुला राहील, सोबत शिफारसपत्र जोडावे.

"माझं कोन हाय वळखीचं?" बजाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. 'सदर बाई माझी सख्खी मावशी आहे.' चांदणी लागली, संगणक दचकला, तारीख मिळाली. गाठ वाईटच निघाली, पण वेळेत निघाली.

बातमी एस.टी.ने गावोगाव गेली. महिन्याभरात बार्शीपासून केमपर्यंत डॉक्टरांना चारशे मावश्या झाल्या. प्रत्येकीच्या फोटोवर चांदणी. संगणक सगळ्यांनाच संशयास्पद म्हणू लागला, आणि साहेबांना एकूण एक फोटो स्वतःच्या डोळ्यांनी, नीट, बघावा लागला.

मग जुन्या ओळखीवाल्यांची तक्रार आली. 'सरसकट चांदण्यांमुळे आम्हांस रांगेत बसावे लागते. पूर्वीची पद्धत पूर्ववत करावी.' खाली दोनशे सह्या होत्या, साऱ्या सुशिक्षित, सुवाच्य.

अकराव्या ओळीत तुमची आहे.