कळसचा मंगळवारचा पाऊस

इंदापूरच्या कचेरीत गेणबाने टेबलावर मूठ आपटली, तेव्हा साहेबांचा चहा बशीत आला.

"सायेब, टँकर कुणाला इचारून बंद केला? कळस गावच्या हिरीत बेडूकसुदिक चालत फिरत्यात!"

तरुण साहेबांनी बशीतला चहा शांतपणे कपात ओतला. "आबा, पृथ्वी तापतेय. येत्या पन्नास वर्षांत दुष्काळ कुठे पडेल, याचा आम्ही अंदाज काढलाय. कळसला धोका नाही."

"फुडचं ऱ्हाऊ द्या. आत्ता पडलाय त्येचं काय?"

"आत्ताचा दुष्काळ दुसऱ्या खात्याकडे. आमचा अहवाल वाचूनच त्यांनी टँकर थांबवला. अहो, तुमच्या अंगणातलं पर्जन्यमापकच सांगतंय. कळसला दर मंगळवारी पाऊस पडतो. चुकत नाही."

गेणबाची मूठ आपोआप सुटली. मंगळवार हा टँकरचा वार होता.

घरी येईपर्यंत त्याचं डोकं तव्यासारखं तापलं. त्याची बायको प्रयागबाई मात्र थंड होती. "टँकरचं पयलं पाणी देवाला घालत्यात. त्येलाबी घातलं, तांब्याभर. शेजारच्या बानूबाईनं घातलं, मंग आळीनं घातलं."

"अगं, त्यो देव न्हाय, सरकारी डबा हाय!"

"मंग चौथरा कशापायी बांधला? चपला भाईर काढा, शिवू नका, आसं सायबानंच बजावलं न्हवं?"

गेणबा आणखी भडकला. साहेबांना खरं सांगावं, तर गावाचा टँकर आपल्याच बायकोने घालवला हे चावडीवर कळणार. त्याने यंत्रावर घमेलं पालथं घातलं. नोंद घ्यायला येणाऱ्या जीपचा आवाज आला की काढायचं, जीप गेली की पुन्हा घालायचं. पावसाळ्यात चार थेंब पडले, तेही घमेल्यावर वाजून गेले.

दिवाळीआधी जीपमधून साहेब स्वतः आले. मागे एक टेम्पो होता.

"अभिनंदन, आबा! नवा अंदाज आला. पन्नास वर्षांत कळसचं वाळवंट होणार!"

"लई झ्याक!" गेणबाने हात जोडले. "मंग टँकर कवा येतुय?"

"टँकर कशाला? वाळवंटाची सवय आत्तापासून लागावी म्हणून गावाला उंट मंजूर झालाय. त्याला पाणी फार कमी लागतं."

"उंटाला कमी लागतं, सायेब. आमाला?"

"त्याच्याकडे बघून शिकाल हळूहळू."

टेम्पोतून उंट उतरला आणि गेणबाकडे वरून बघत रवंथ करू लागला. दारात नवं जनावर आलं म्हणून प्रयागबाई हळदीकुंकू आणि पायांवर घालायला तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. घरात तेवढंच पाणी उरलं होतं.

गेणबाने तिच्या हातातला तांब्या हिसकावला, तरातरा यंत्राभोवतीच्या कुंपणाच्या आत गेला आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत सगळं पाणी यंत्रात ओतलं.

"ह्यो बघा कळसचा पाऊस! आसा पडत हुता, दर मंगळवारी! आता तरी कळलं का?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते गेणबाच्या पायांकडे बघत होते.

"आबा," ते ओरडले, "चपला!"