परचुरे काकूंची दुसरी खुर्ची

परचुरे काकूंनी घडीची खुर्ची उघडली, की आयर्लंडमधल्या आमच्या ॲथलोन गावातले भलेभले साहेब आपल्या खुर्चीतून उठून उभे राहतात. मी अतिशयोक्ती करत नाही. ती मी फक्त बायोडेटात करतो. त्या खुर्चीचा 'खट्ट' ऐकून शॅनन नदीतले हंस रांगेत पोहायला लागतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

काकू मूळच्या डोंबिवलीच्या. इथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात सदोष माल शोधून परत पाठवण्यात त्यांची हयात गेली. 'बघू', 'कळवू', 'पुढच्या आठवड्यात या' हासुद्धा त्यांच्या लेखी सदोष मालच. कुणी असं म्हणालं, की त्या खुर्ची उघडतात, गुडघ्यांवर शाल घेतात आणि गोड हसून सांगतात, "ग्रँड! तुमचं चालू दे. मी बसते."

'ग्रँड' म्हणजे इथल्या बोलीत 'छान, ठीक'; पुढचं त्या मराठीतच सांगतात. गावाला अर्थ बरोब्बर कळतो.

नर्सिंग होमसमोरच्या बसथांब्याला छप्पर नव्हतं. आयरिश पाऊस वरून पडत नाही, बाजूने येऊन कानात शिरतो; कामाची पाळी संपवून आलेल्या बायका ओल्याचिंब व्हायच्या. काकू कौन्सिलच्या कचेरीत जाऊन बसल्या. दुपारपर्यंत चकल्यांचा डबा टेबलाटेबलांवरून फिरला, संध्याकाळी एक कारकून त्यांना सासूची गाऱ्हाणी सांगू लागला, आणि छप्पर आलं.

मी इथे नवा होतो तेव्हा फोनवर माझं नाव ऐकलं, की भाड्याचं घर 'आत्ताच गेलेलं' असायचं. काकूंनी शेजारच्या पॅडीला फोन करायला लावला. पॅडी म्हणजे नदीवर बोटी हाकून म्हातारा झालेला, आता चाकांच्या खुर्चीतला माणूस. त्याचा अस्सल गावरान आवाज ऐकताच गेलेलं घर परत आलं! काकू एजंटच्या काचेच्या दारात ठाण मांडून बसल्या. शेजारी पॅडी, मधे चहाचा थर्मास.

"घर गेलं म्हणता? असू दे. पॅडीसाठी ज्या वाटेने परत आलं, त्याच वाटेने ह्याच्यासाठी येतं का, बघते."

आलं. आजही मी त्याच घरात राहतो.

त्या दिवशी उभं राहून माझ्या पायांचे खांब झाले होते. काकूंच्या गाडीच्या डिकीत जुन्या चादरीत गुंडाळलेली आणखी एक खुर्ची दिसली, ती मी मागितली.

"ती नाही रे. ती रोहनची."

रोहन त्यांचा मुलगा. शाळेत पोरं त्याच्या डब्याची आणि रंगाची टर उडवायची, म्हणून काकू मुख्याध्यापकांच्या दाराशी दिवसभर बसल्या होत्या. टर थांबली. पण रोहन सगळ्यांदेखत ओरडला, "मॅम, यू आर मेकिंग अ शो ऑफ मी!" म्हणजे, आई, चारचौघांत माझी शोभा करतेयस. आता तो डब्लिनला, बॉल्सब्रिजमधल्या कुठल्याशा झकपक ऑफिसात असतो. दर रविवारी फोन करतो. पण आईची खुर्ची जिथे उघडते, तिथे फिरकत नाही.

यंदा कौन्सिलने जाहीर केलं, की लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या गावकऱ्यांचा सत्कार होणार, आणि त्यात आमच्या काकू! आम्ही मराठी मंडळी इतकी फुगलो, की आठवडाभर दारातून आडवं होऊन जावं लागत होतं. काकूंनी मात्र मला एवढंच विचारलं, "रोहनला कळवलंस ना? काय म्हणाला?"

"म्हणाला, बघतो."

'बघतो' हा सदोष माल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा परत पाठवला नाही. जरीची साडी नेसल्या, तिच्यावर रेनकोट चढवला आणि निघाल्या.

सभागृह वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद! चाकांच्या खुर्चीतला पॅडी खालीच अडकला. कौन्सिलची एक बाई धावत आली. "त्यांना खाली पडद्यावर दिसेल सगळं."

पॅडीही म्हणाला, "गो ऑन अप, मिसेस पी. मी ग्रँड आहे."

खट्ट.

"तुमचं चालू दे," काकू म्हणाल्या, "मी बसते."

मग काय! गळ्यातली साखळी सावरत महापौर जिना उतरले. मागून सँडविचची ताटं, मग फोटोवाला, मग हार्प वाजवणारी मुलगी, आणि चौघांच्या खांद्यावरून गणपतीसारखी तिची हार्प. अख्खा समारंभ पायपुसण्यापाशी भरला. अभिमानाने मला इतका हुंदका आला, की पॅडीने आपला रुमाल दिला.

काकू मात्र दाराकडे बघत होत्या. हळूच मला म्हणाल्या, "डिकीतली ती आण."

मी आणली. महापौरांनी घसा खाकरला, तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. सहा फुटी रोहन, ओला कोट, लाल कान. तो खोळंबलेल्या गर्दीकडे बघत राहिला. काकूंनी चादर सोडली आणि खुर्ची उघडली.

ती लहान मुलाची खुर्ची होती. पाठीवर विटकं रॉकेट. शाळेत त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दाराशी रोहनला आपल्या शेजारी बसवायला आणलेली.

रोहन तिच्याकडे पाहत राहिला. मग येऊन बसला. गुडघे पार हनुवटीला टेकले.

"मोठी खुर्ची मागवू का?" महापौरांनी विचारलं.

रोहनने नकारार्थी मान हलवली आणि डब्लिनच्या हेलात, भर सभेत, मराठीत म्हणाला, "तुमचं चालू दे. मी बसतो."